इम्प्लांटची बाजू टणक का होते, आणि शेक घेतलेल्या छातीत काय करावं

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं वय ४४. दोन वर्षांपूर्वी उजव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी पूर्ण स्तन काढला आणि त्याच भुलीत स्नायूखाली सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. नंतर केमो झाली, मग रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे शेक म्हणतात तो, आणि आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी रोज चालू आहे. गेल्या काही महिन्यांत ती बाजू हळूहळू टणक झाली, वर सरकली. थंडीत ओढ लागते, उजव्या कुशीवर झोपवत नाही. शिंप्याला दर वेळी ब्लाउजचा उजवा टक्स वर घ्यावा लागतो. घरी त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण ऐकल्यावर प्रत्येकाच्या मनात एकच शंका येणार. मैत्रिणीने जोर लावून मसाज करायला सांगितलं, एका दवाखान्यात ‘दाबून मोकळं करून देतो’ म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी ‘इम्प्लांट बदलू’ म्हणाले आणि मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात की आवरणासकट ‘एन ब्लॉक’ काढून टाका. त्यांनी विचारलंय: कॅन्सर परत आलाय का? माझं काही चुकलं का? आणि या सगळ्यातलं नेमकं काय करू?

ताई, मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं काहीही चुकलेलं नाही. व्यायाम कमी पडला, ब्रा चुकीची घातली, लवकर स्वयंपाकाला उभी राहिले, पाण्याची बादली उचलली, अशी यादी घेऊनच बायका ओपीडीत येतात. यातल्या कशानेही हे होत नाही. तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठं कारण समोर दिसतंय: इम्प्लांट आत असताना त्या बाजूला मिळालेला शेक. तो घेणं गरजेचंच होतं. कॅन्सर परत येण्याची शक्यता त्यामुळे कमी झाली, आणि त्याचा त्रास छातीच्या कातडीला, स्नायूला आणि इम्प्लांटभोवतीच्या आवरणाला सोसावा लागला.

आता कॅन्सरचा प्रश्न. तो मिटल्याशिवाय बाकी काही ठरवायचं नाही.

अख्खी बाजू सगळीकडून सारखी घट्ट होणं, हे महिनोन्महिने सावकाश वाढणं आणि स्तनाचा उंचवटा वर चढणं, हे वर्णन इम्प्लांटभोवतीचं आवरण आकसल्याचं आहे. आम्ही त्याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतो. स्तन काढल्यावर त्याच बाजूला कॅन्सर परत येतो तेव्हा तो बहुतेकदा कातडीत किंवा कातडीच्या लगेच खाली, जुन्या वणाच्या आसपास, छोटी, कडक, एका जागी चिकटलेली गाठ म्हणून हाताला लागतो. कधी न जाणारा लालसर चट्टा येतो, कधी काखेत किंवा गळ्याच्या हाडाच्या वर गाठ येते. तुम्ही लिहिलंय त्यात असं काही नाही, आणि हे दिलाशाचं आहे.

पण नुसत्या हाताने तपासून मी कुणालाही ‘कॅन्सर नाही’ असं सांगत नाही आणि तुम्हीही कुणाकडून तेवढ्यावर ऐकून घेऊ नका. इम्प्लांटला पडलेली घडी, बरगडीचा कूर्चेचा भाग, मेलेल्या चरबीची गाठ, या सगळ्या गोष्टी बोटांना फसवतात. सोनोग्राफीपासून सुरुवात करा, आणि ती स्तनांच्या सोनोग्राफीचा हात बसलेल्या रेडिओलॉजिस्टकडे करा. त्यानंतर एमआरआय लागला तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर प्रश्न स्पष्ट लिहून घ्या. इम्प्लांट फुटलंय का, हे कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता कळतं. कॅन्सर शोधायचा असेल तर मात्र कॉन्ट्रास्ट लागतो. चिठ्ठीवर नुसतं ‘ब्रेस्ट एमआरआय’ लिहिलं असेल तर यातली एकच तपासणी होते आणि पुन्हा खर्च करून जावं लागतं. इम्प्लांट असताना सुईने तुकडा घेता येत नाही, हा समजही काढून टाका. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई दिसत असते, इम्प्लांट चुकवून तुकडा नीट घेता येतो. आणि या गडबडीत डाव्या स्तनाची वर्षाची मॅमोग्राफी राहून जाऊ देऊ नका. लक्ष दुखऱ्या बाजूकडे लागलेलं असतं, म्हणून ती हमखास राहते.

हे सगळं ठीक आलं असं धरून पुढचं सांगते.

शरीरात बाहेरची कुठलीही टिकाऊ वस्तू ठेवली, पेसमेकर असो की इम्प्लांट, शरीर तिच्याभोवती वणाचं एक पातळ आवरण तयार करतं. हे प्रत्येक बाईत, प्रत्येक इम्प्लांटभोवती होतं. तो आजार नाही. इम्प्लांट जागेवर राहण्यासाठी ते हवंच असतं. ऑपरेशनमध्ये असं निरोगी आवरण पाहिलं तर ते ओलसर, चकचकीत आणि इतकं पातळ असतं की आतलं इम्प्लांट आरपार दिसतं. 

बिघडतं ते त्याच्या पुढे. जखम भरताना तिच्या कडा जवळ ओढायला शरीर मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कामाला लावतं. काम झालं की त्या पेशी आपोआप मरून जायला हव्यात. आत काहीतरी त्यांना सतत चिथावत राहिलं तर त्या टिकून राहतात, ओढतच राहतात, आणि कोलाजेनचे थर एकावर एक चढत जातात. लाडू वळताना मूठ सगळीकडून दाबते तसं हे आवरण इम्प्लांटला चहूबाजूंनी आवळतं, म्हणून ते गोल आणि उंच दिसायला लागतं. टणक झालेलं असतं ते आवरण, इम्प्लांट नव्हे. भूल दिल्यावर अशा आवरणाला चीर पाडली की ताणलेल्या कडा फटकन बाजूला होतात आणि आतून पहिल्या दिवसाइतकंच मऊ इम्प्लांट बाहेर येतं. आवरण मात्र पांढरंफटक, काही मिलिमीटर जाड. खूप वर्षं झाली असतील तर त्यात कॅल्शियम साचतं आणि कात्री लावली की करकरतं. शेक घेतलेल्या छातीत ते मागच्या स्नायूला घट्ट चिकटलेलं असतं, थर वेगळे सापडत नाहीत, आणि ज्या कातडीवर आम्हाला भरवसा ठेवायचा असतो तिच्या कडेतून रक्तही जेमतेम येतं. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं ठरणार आहे.

पेशींना चिथावतं काय? ऑपरेशननंतर आत साठलेलं रक्त किंवा पाणी. फुटून झिरपणारं सिलिकॉन. आणि जंतू. इथे पू, ताप, लाली असलेल्या संसर्गाबद्दल मी बोलत नाही. आपल्या कातडीवर राहणारे साधे जंतू, विशेषतः स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, इम्प्लांटच्या पृष्ठभागावर बायोफिल्म म्हणून पातळ चिकट थर करून बसतात. बाहेरून काहीच दिसत नाही, अँटिबायोटिक त्या थरात शिरत नाही, आणि शरीर वर्षानुवर्षं त्यांच्याशी हळू आवाजात भांडत राहतं. सिडनीचे आनंद देवा आणि डॅलसचे विल्यम अ‍ॅडम्स यांनी या विषयावर बरंच काम केलंय आणि ऑपरेशनच्या वेळी पाळायच्या १४ गोष्टींची यादी दिलीय: छेद शक्यतो स्तनाखालच्या घडीत घेणं, स्तनाग्र झाकून ठेवणं, पोकळी जंतुनाशक द्रावणाने धुणं, इम्प्लांट हाताळण्याआधी हातमोजे बदलणं वगैरे. ऐकायला किरकोळ वाटतात. ज्यांच्याकडे नवीन ऑपरेशन करून घ्यायचं त्यांना यातलं काय काय पाळता हे विचारायला संकोच करू नका. चांगला सर्जन अशा प्रश्नाने दुखावत नाही.

आणि चौथं कारण, तुमचं: शेक. त्याने बारीक रक्तवाहिन्या बुजतात, कातडी आणि स्नायू ताठर होतात, आणि ही क्रिया शेवटच्या शेकासोबत थांबत नाही. महिने, कधी वर्षं चालू राहते. म्हणूनच तुमचा त्रास शेक संपल्यावर लगेच न येता नंतर सावकाश आला.

किती जणींना होतं? अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या जेल इम्प्लांटचा दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध आहे. त्यात सौंदर्यासाठी पहिल्यांदा इम्प्लांट घेतलेल्यांत सुमारे १९ टक्के आणि स्तनाच्या पुनर्रचनेसाठी घेतलेल्यांत सुमारे २५ टक्के बायकांना त्रासदायक पातळीचं कॉन्ट्रॅक्चर झालं. शेक झालेल्या बाजूला हे प्रमाण आणखी बरंच चढतं. म्हणजे तुमच्यासोबत या रांगेत पुष्कळ जणी आहेत.

पातळी मोजायला आम्ही जेम्स बेकर यांनी १९७५ मध्ये दिलेली वर्गवारी अजूनही वापरतो. पहिल्या ग्रेडमध्ये सगळं मऊ. दुसऱ्यात हाताला घट्ट लागतं पण दिसायला ठीक. तिसऱ्यात घट्ट असतं आणि आकारही बिघडलेला दिसतो. चौथ्यात त्यावर दुखणं येतं. तुम्ही लिहिलेल्यावरून तिसरा आणि चौथा यांच्या मधली स्थिती वाटते, पण ते बसवून, निजवून, दोन्ही हात कमरेवर दाबायला लावून तपासल्यावरच ठरतं. स्नायू आवळल्यावर इम्प्लांट किती हलतं, कातडी चिमटीत येते का, किती जाड आहे, हे मी ग्रेडपेक्षा जास्त वेळ घालवून बघते.

आता तुम्हाला मिळालेले सल्ले.

मसाज करू नका, निदान आवरण मोडण्याच्या हेतूने तरी नाहीच. हलक्या हाताने तेल लावून कातडी मऊ ठेवणं वेगळं, ते जरूर करा. शेक घेतलेली कातडी कोरडी पडते, तिला त्याने बरं वाटतं. पण जोर लावून जमलेलं कोलाजेन विरघळत नाही. उलट पातळ झालेली कातडी दुखावते, आणि काखेतल्या गाठी काढल्या असतील तर अशा चोळण्यामुळे हाताची सूज वाढू शकते. खांद्याच्या व्यायामाची गोष्ट निराळी आहे. ओढ लागते तेव्हा सगळी ओढ आवरणाची नसते. छातीचा स्नायू आणि खांद्याचा सांधाही आखडलेला असतो. कॅन्सरच्या रुग्णांसोबत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून रोज केलेत तर ओढीचा बराचसा भाग ऑपरेशनशिवाय कमी झालेला मी पाहिलाय. हे आजपासून सुरू करा.

‘दाबून मोकळं करून देतो’ याला स्वच्छ नकार द्या. दोन्ही हातांनी स्तन पकडून जोरात आवळायचा आणि आतलं आवरण फाडायचं, ही पद्धत १९७० च्या दशकात खूप चालली. आवरण फाटताना आवाजही येई, आणि तात्पुरतं मऊ वाटे. पण इम्प्लांट फुटणं, आत रक्त साठणं, इम्प्लांट फाटलेल्या भागातून एकीकडे सरकणं आणि काही महिन्यांत पुन्हा तेच, यामुळे ती बंद पडली. इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्याही असं करू नका म्हणून ताकीद देतात. शेक झालेल्या छातीवर हा प्रयोग करणं तर फारच धोक्याचं आहे.

औषधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. मॉन्टेलुकास्ट आणि झाफिरलुकास्ट या दम्याच्या गोळ्या कॉन्ट्रॅक्चरसाठी काही सर्जन देतात. आवरण नुकतंच घट्ट व्हायला लागलंय अशा वेळी थोडा फायदा दिसल्याचे अहवाल आहेत. जाड झालेलं आवरण त्यांनी पातळ होत नाही. झाफिरलुकास्टने यकृताला इजा होऊ शकते, आणि मॉन्टेलुकास्टबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२० मध्ये मनःस्थितीवर होणाऱ्या परिणामांचा ठळक इशारा दिला. कॅन्सरच्या उपचारांतून गेलेल्या, आधीच झोप उडालेल्या बाईला मी ती सहज लिहून देत नाही. शेकानंतरच्या ताठरपणासाठी पेन्टॉक्सिफायलिन आणि व्हिटॅमिन ई एकत्र देतात, त्याचा परिणाम मवाळ आहे. तुमच्या पातळीला या गोळ्यांवर वर्ष घालवू नका. आणि आवरणात स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर घेऊ नका. बाहेरच्या कातडीवरचा वण उंच, खाजरा, लाल झाला असेल, म्हणजे केलॉइड किंवा हायपरट्रॉफिक वण, तर त्यात ट्रायॅमसिनोलोनचं इंजेक्शन आणि वरून सिलिकॉनची पट्टी हा उत्तम उपचार आहे, आपल्या कातडीला तो पुष्कळदा लागतो. पण तो वण वेगळा आणि आतलं आवरण वेगळं. आत सोडलेलं स्टेरॉइड इम्प्लांटवरची कातडी पातळ करतं आणि इम्प्लांट उघडं पडू शकतं.

‘एन ब्लॉक’ म्हणजे आवरण न उघडता, इम्प्लांटसकट, भोवतीच्या थोड्या निरोगी ऊतीसह एकत्र काढणं. हे कॅन्सरचं ऑपरेशन आहे. इम्प्लांटभोवती होणाऱ्या एका दुर्मिळ लिम्फोमासाठी ते लागतं. साध्या कॉन्ट्रॅक्चरसाठी त्याचा हट्ट धरला तर आवरणाचा मागचा भाग बरगड्यांवरून खरवडताना फुफ्फुसाभोवतीच्या पडद्याला भोक पडण्याचा धोका उगाच घ्यावा लागतो. व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही.

त्या लिम्फोमाबद्दल चार ओळी लिहायलाच हव्यात, कारण त्याचा या विषयाशी थेट संबंध आहे. आवरण आकसू नये म्हणूनच पूर्वी खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट आली. नंतर लक्षात आलं की बीआयए-एएलसीएल हा लिम्फोमा मुख्यतः खरखरीत इम्प्लांट असलेल्यांतच दिसतो. अॅलर्गन कंपनीने बायोसेल प्रकारची इम्प्लांट जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत मागवली. हा आजार साधारण आठ-दहा वर्षांनी, एका बाजूला अचानक पाणी साचून सूज येऊन समोर येतो, आणि ते पाणी काढून सीडी३० नावाच्या खुणेसाठी तपासलं की निदान होतं. वेळेत सापडला तर बरा होतो. तुमचं चित्र असं नाही. पण डिस्चार्जच्या कागदांत इम्प्लांटचं कार्ड किंवा स्टिकर असेल, ते शोधून ठेवा. कंपनी, मॉडेल, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, सिरियल नंबर. सापडलं नाही तर ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथून रेकॉर्ड मागा, तो तुमचा हक्क आहे.

उरलं ‘इम्प्लांट बदलू’. हा सल्ला चुकीचा नाही, पण तुमच्यासाठी अपुरा असण्याची शक्यता मोठी आहे. या उत्तरात सगळ्यात महत्त्वाचं मला हेच सांगायचंय.

शेक न झालेल्या बाईत मी हेच करते: आवरण जेवढं सुरक्षितपणे निघेल तेवढं काढायचं, जुनं इम्प्लांट पुन्हा न वापरता नवं घालायचं, शक्य असेल तर जागा बदलायची, म्हणजे आधी स्नायूवर होतं तर आता स्नायूखाली, किंवा उलट. गरज पडली तर पेशी काढून घेतलेल्या त्वचेच्या जाळीचा, ज्याला एडीएम म्हणतात, आधार द्यायचा. ती महाग आहे, पण तिने कॉन्ट्रॅक्चरचं प्रमाण कमी होतं. अशा बायकांत निकाल चांगला लागतो, तरी पुन्हा होण्याची शक्यता पहिल्यापेक्षा जास्तच धरावी लागते.

तुमच्या छातीत मात्र चिथावणारी गोष्ट इम्प्लांटमध्ये नाही, त्याच्या भोवतीच्या ऊतीत आहे. आवरण काढलं, नवं इम्प्लांट घातलं, तरी कातडी तीच, स्नायू तोच, बुजलेल्या रक्तवाहिन्या त्याच. नवं आवरण त्याच ऊतीतून तयार होणार. काही महिने छान वाटतं, मग पुन्हा ओढ सुरू होते. शिवाय अशा कातडीवर पुन्हा छेद घेतला की जखम उकलण्याचा आणि इम्प्लांट बाहेर डोकावण्याचा धोका असतो. एक-दोनदा बदलून झाल्यावर माझ्याकडे आलेल्या बायका मी पाहते तेव्हा वाईट वाटतं, कारण दर वेळी थोडी कातडी आणखी जाते आणि पुढचं काम कठीण होऊन बसतं.

म्हणून शेक झालेल्या छातीला नवी, रक्तपुरवठा असलेली ऊती आणून देणं हा जास्त टिकणारा उपाय आहे. पोटाच्या खालच्या भागातली कातडी आणि चरबी, तिच्या रक्तवाहिनीसकट उचलून, छातीतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. याला डीआयईपी फ्लॅप म्हणतात. पोटाचा स्नायू जागेवरच राहतो. इम्प्लांट कायमचं जातं, त्यामुळे कॉन्ट्रॅक्चरचा प्रश्नच उरत नाही. हा स्तन गरम लागतो, मऊ लागतो, वजन वाढलं-घटलं तर तोही थोडा बदलतो. ऑपरेशन मोठं आहे हे लपवत नाही: सहा ते आठ तास, कधी जास्त. पोटावर एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत वण. पहिले दोन-तीन दिवस परिचारिका तासातासाला फ्लॅपचा रंग आणि नाडी बघते, कारण जोडलेली रक्तवाहिनी बंद पडली तर लगेच पुन्हा ऑपरेशनला न्यावं लागतं. अनुभवी टीमकडे फ्लॅप पूर्ण वाया जाण्याचं प्रमाण काही टक्क्यांच्या आतच असतं, पण शून्य नसतं. सिझेरियनचा आडवा वण असला तरी बहुतेक वेळा हे करता येतं, आधी सीटी अँजिओग्राफी करून रक्तवाहिन्या बघतात.

पोटावर पुरेशी चरबी नसेल, किंवा एवढं मोठं ऑपरेशन नको असेल, तर पाठीचा लॅटिसिमस स्नायू आणि त्यावरची कातडी फिरवून पुढे आणता येते. तो सोपा आणि भरवशाचा आहे, पण आकारमान कमी पडतं, म्हणून कधी खाली छोटं इम्प्लांट ठेवावं लागतं. तिसरा मार्ग चरबी भरण्याचा. पोट-मांडीची चरबी बारीक नळीने काढून, स्वच्छ करून, छातीच्या कातडीखाली थेंबाथेंबाने सोडतात. दोन-तीन महिन्यांच्या अंतराने काही बैठका लागतात, कारण भरलेल्या चरबीतली काही टिकत नाही. शेक झालेली कातडी त्याने मऊ पडते आणि दुखणंही पुष्कळदा कमी होतं. मोठ्या ऑपरेशनआधीची तयारी म्हणूनही मी ती करते.

आणखी दोन मार्ग आहेत, आणि ते कमी दर्जाचे नाहीत. काहीच न करणं: कॅन्सर नाही हे नक्की झालं, दुखणं व्यायामाने सोसण्याजोगं झालं, तर नुसत्या टणकपणासाठी ऑपरेशन केलंच पाहिजे असं नाही. किंवा इम्प्लांट काढून छाती सपाट ठेवणं आणि ब्लाउजमध्ये घालायचा कृत्रिम स्तन वापरणं. हा निर्णय घेतलेल्या कितीतरी जणी शांत झोपतात आणि खूश असतात. कोणता मार्ग घ्यायचा हे तुमच्या शरीराने आणि तुमच्या मनाने ठरवायचं आहे, सासरच्यांनी किंवा माझ्यासारख्या डॉक्टरने नाही.

घाई अजिबात नाही. शेक संपल्यावर असं मोठं काम करायला निदान सहा महिने, बरं म्हणजे वर्षभर थांबतात. तुम्ही त्या काळाच्या पलीकडे जवळजवळ आलाच आहात. मधल्या वेळात तयारी करता येते. साखर असेल तर ती आटोक्यात आणा. आणि एक गोष्ट मी प्रत्येकीला नाव घेऊन विचारते: मशेरी लावता का? ‘तंबाखू खाता का’ विचारलं की ‘नाही’ असं उत्तर येतं, आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी चालू असते. तिच्यातलं निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, फ्लॅप आणि जखम दोन्ही त्याने धोक्यात येतात. ऑपरेशनआधी निदान चार आठवडे ती पूर्ण बंद हवी. लाजून लपवू नका. टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखालच्या ऑपरेशनआधी ती काही आठवडे थांबवायची का, हे तुमचे कॅन्सरचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील. तुम्ही स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही.

पैशांचं. विमा कंपनी ‘कॉस्मेटिक आहे’ म्हणून पहिल्या फटक्यात नाकारू शकते. पॉलिसीत ‘Excl08’ या क्रमांकाचं कलम बघा. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळणाऱ्या त्या कलमातच अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेला अपवाद दिलेला आहे. सर्जनच्या पत्रात ‘कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेतील गुंतागुंत’ असे स्पष्ट शब्द असू द्या. खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबईत केईएम, सायन आणि जेजे या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, आणि टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेचं काम नियमित चालतं. नंबर लागायला वेळ लागतो, पण वर म्हटलं तसं तुमच्याकडे वेळ आहे.

सौंदर्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या ज्या बायका हे वाचत असतील त्यांनाही थोडं सांगते. तुमचा शेक झालेला नाही, त्यामुळे आवरण काढून इम्प्लांट बदलण्याचा मार्ग तुम्हाला जास्त चांगला लागू पडतो. पण बऱ्याच वर्षांनी अचानक टणक झालं तर आधी इम्प्लांट फुटलंय का आणि पाणी साचलंय का हे बघायलाच हवं. इम्प्लांट जन्मभर टिकणारी वस्तू नाही. सिलिकॉनच्या इम्प्लांटसाठी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एकदा, असं अमेरिकेची एफडीए सांगते, आणि मी माझ्या रुग्णांना तेच सांगते. घरी लपवून इम्प्लांट केलं म्हणून तपासणीही लपून राहते, तसं होऊ देऊ नका.

ताई, सर्जनकडे जाताना ऑपरेशनचे कागद, इम्प्लांटचं कार्ड, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि शेकाचा डोस लिहिलेला सारांश सोबत न्या. अंगात घट्ट बसणारा, नेहमीचा एक ब्लाउजही घेऊन जा, कारण दोन्ही बाजूंच्या उंचीतला फरक त्यात स्पष्ट दिसतो आणि तुम्हाला काय हवंय ते सांगणं सोपं जातं. तोवर उजव्या काखेत छोटी उशी घेऊन डाव्या कुशीवर झोपा, ओढ कमी लागेल. आणि अचानक लाली, ताप, एका रात्रीत सूज, कातडी चकाकून पातळ दिसणं किंवा वणातून पाणी झिरपणं, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. एकटीने जाऊ नका. घरात ज्या एका माणसाला सांगता येईल त्याला आज सांगा, आणि सोनोग्राफीला सोबत घेऊन जा.